मार्शलच्या बेटावर पाच दिवस

नोव्हेंबर १९८३ मधली एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. वानखेडेवर वेस्ट इंडिजविरुद्धची कसोटी, नॉर्थ स्टँड, डब्यात आजीने बांधून दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. त्या सामन्यात दिलीप वेंगसरकरांनी शतक काढलं, पण बाबांच्या गोष्टीत शतक एका वाक्यात संपायचं आणि मग वेस्ट इंडिजचा फास्ट बोलर माल्कम मार्शल सुरू व्हायचा. "तो धावत निघाला की स्टँडमधली बडबड थांबायची. चेंडू दिसायचा नाही गं. विकेटकीपर दुजाँच्या ग्लोव्हजमध्ये फट्‌ असा आवाज यायचा, तेव्हा कळायचं की टाकून झाला."

बाबा स्वतः ऑफिसच्या संघातून कांगा लीगमध्ये नवा चेंडू टाकायचे. उंची पाच फूट सहा इंच. "एवढ्या उंचीवर फास्ट कशाला, ऑफस्पिन टाक," हे त्यांनी प्रत्येक कप्तानाकडून ऐकलं. वेस्ट इंडिजच्या त्या काळच्या फास्ट बोलरांच्या ताफ्यात जोएल गार्नर सहा फूट आठ इंच, मायकेल होल्डिंग सहा फूट तीन. आणि त्यांच्यात पाच फूट अकरा इंचांचा मार्शल सगळ्यांत भेदक. बाबांना तो एवढा जवळचा का वाटला, हे मला गोलंदाजीतलं काही कळत नव्हतं तेव्हाही कळत होतं.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बाबा एक दिवस म्हणाले, "चालता येतंय तोवर बार्बाडोसला जाऊन येऊ. तिथे त्याला पुरलंय." बाबा ७१ वर्षांचे आहेत. मी त्याच आठवड्यात तिकिटं पाहायला घेतली.

मुंबई–लंडन–ब्रिजटाउन असे गेलो. आम्हाला बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागला नाही, पण नियम बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्या. भारतीय पासपोर्टवर लंडनमध्ये एकाच विमानतळावर नुसतं विमान बदलायचं असलं तरी सहसा ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेही आधी तपासून घ्या. आणि लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज छापाचे कपडे, टोपी, पिशवी काही नेऊ नका. तिथे सामान्य माणसाने ते घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीसुद्धा. बाबांची आवडती टोपी त्यामुळे घरीच राहिली.

शुक्रवार

गुरुवारी रात्री पोहोचून नुसते झोपलो. सकाळी घरमालकीणबाईंनी चहा आणून दिला तो जमैकाच्या बातम्यांसकट. दोनतीन दिवसांपूर्वीच मेलिसा चक्रीवादळाने जमैकाला झोडपून काढलं होतं. बार्बाडोस तिथून फार दूर, पूर्वेच्या टोकाला. इथे पानही हललं नव्हतं. पण बाईंचा आवाज घरातलं कुणी आजारी असल्यासारखा होता. वेस्ट इंडिज हा देश नाही, बेटाबेटांचे वेगवेगळे देश आहेत, हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. ते एकत्र कशाने बांधलेले आहेत, ते त्या सकाळी ऐकायला मिळालं. बाबा म्हणाले, "होल्डिंग आणि वॉल्शचं गाव ते." बाईंनी मान हलवली. ओळख झाली.

संध्याकाळी ऑइस्टिन्स. शुक्रवारी रात्री या कोळीवाड्यात सगळं बेट मासे खायला जमतं. आम्ही ११ नंबरच्या झेडआरने गेलो. झेडआर म्हणजे पांढऱ्या रंगाची, तांबड्या पट्ट्याची छोटी व्हॅन. पाटीवर झेड आणि आर ही अक्षरं असतात म्हणून ते नाव. साडेतीन बार्बाडोस डॉलर तिकीट, कुठेही चढा, कुठेही उतरा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा हिशेब कायमचा ठरलेला आहे. आत शिरताना प्रत्येक जण "गुड इव्हनिंग" म्हणतो आणि गाडीभर माणसं उत्तर देतात. न बोलता बसणं असभ्य मानतात. दुसऱ्या दिवसापासून बाबा दारातूनच खणखणीत आवाज द्यायला लागले.

कोळशावर भाजलेल्या मासळीच्या धुराने डोळे चुरचुरत होते. उडत्या माशाचा हंगाम डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो, आता साठवणीतला मिळतो, असं टपरीवाल्या बाईंनी आपणहून सांगितलं. त्यांच्याच सांगण्यावरून किंगफिश घेतला. चवीला आणि पोताला आपल्या सुरमईच्या अगदी जवळचा. वर लिंबू, कांद्याची पात, तिखटजाळ पिवळी मिरची. बाजूला मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, आणि भाजलेल्या कसल्याशा फोडी. बाबांनी एक तोंडात टाकली आणि डोळे मोठे केले. "अगं, हा नीरफणस!" आमच्या मालवणच्या घरामागे झाड होतं, आजी त्याची कापं करायची. इथे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात आणि आख्खं फळ निखाऱ्यावर टाकून भाजतात.

"इतक्या लांबून कशाला आलात?" बाईंनी विचारलं. बाबांनी सांगितलं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि मागच्या रांगेला ओरडून सांगितलं की हे गृहस्थ मॅकोसाठी भारतातून आलेत. मॅको हे मार्शलचं इथलं नाव. मग काय विचारता, बेटाचा सगळ्यांत मोठा फास्ट बोलर कोण यावर रांगेतच वाद जुंपला. एका आजोबांच्या मते वेस हॉल, त्यांच्या पुढे कुणी नाही. एक जण गार्नरचा. एका तरुण मुलीने केमार रोचचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी तिला मान दिला. जेमतेम ४३० चौरस किलोमीटरचं बेट, लोकसंख्या तीन लाखांच्या आत. हॉल, चार्ली ग्रिफिथ, व्हॅनबर्न होल्डर, सिल्व्हेस्टर क्लार्क, वेन डॅनियल, गार्नर, मार्शल, रोच, झालंच तर इंग्लंडकडून खेळणारा जोफ्रा आर्चर, हे सगळे इथलेच. आपल्या एखाद्या तालुक्यातून एवढे निघाले असते तर आपण तिथे देऊळ बांधलं असतं.

शनिवार

केन्सिंग्टन ओव्हल. सामना नसताना मैदान पाहायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. नुसतं जाऊन उभं राहिलात तर बाहेरचा सर गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा पाहून परतावं लागेल.

आत गेल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. २००७ च्या विश्वचषकासाठी हे मैदान जवळजवळ नव्याने बांधलं, त्यामुळे जुन्या फोटोंतलं काही सापडत नाही. पण नावं आहेत. हॉल आणि ग्रिफिथ स्टँड, ग्रीनिज आणि हेन्स स्टँड, वॉरेल–वीक्स–वॉलकॉट यांचा थ्री डब्ल्यूज स्टँड. आणि खेळपट्टीच्या एका टोकाला जोएल गार्नर एंड, दुसऱ्या टोकाला माल्कम मार्शल एंड.

मराठी माणसाला या मैदानावर उभं राहून काय काय आठवावं! मार्च १९६२ मध्ये इथेच ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. जीव वाचवायला रक्त दिलं त्यात पहिले होते वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल, आणि आपल्याकडचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर. १९७१ मध्ये इथे गावस्कर नाबाद ११७. १९८९ मध्ये मार्शल समोर असताना संजय मांजरेकर १०८ आणि दुसऱ्या डावात रवी शास्त्री १०७, दोघांच्या शतकांनंतरही हार. १९९७ मध्ये जिंकायला फक्त १२० हवे असताना सचिनचा संघ ८१ मध्ये गारद. तेव्हा वेस्ट इंडिजचा प्रशिक्षक होता मार्शल. चेंडू इयन बिशप आणि मंडळींच्या हातात होता, पण पॅव्हिलियनमध्ये तो बसलेला होता.

मैदान दाखवणाऱ्या तरुणाला २०२४ च्या टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत दाखवायची घाई होती. सूर्यकुमारने डेव्हिड मिलरचा झेल सीमारेषेवर आतबाहेर करत पकडला ती जागा, रोहित शर्माने खेळपट्टीवरचं गवत तोडून तोंडात घातलं ती जागा. त्यानंतर बेरिल चक्रीवादळामुळे आपला संघ इथे अडकून पडला होता, तेही त्याने रंगवून सांगितलं. मी भरपूर फोटो काढले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला मार्शल एंडला नेतोस का?"

खेळपट्टीवर पाय ठेवता येत नाही. सीमारेषेजवळ बाबा उभे राहिले आणि त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. मार्शलचा रनअप सरळ नसायचा, जरा तिरका यायचा, शंभर मीटर धावणाऱ्यासारखी छोटी झपाझप पावलं, आणि क्रीजवर आल्यावर छाती फलंदाजाकडे उघडी. पाठ्यपुस्तकात सांगतात तसं खांदा वळवून बाजूने टाकणं त्याच्यात नव्हतं. सगळी गती हाताच्या झटक्यात. "उंच बोलरचा बाउन्सर डोक्यावरून जातो," बाबा त्या मुलाला सांगत होते, "याचा घसरत यायचा, गळ्याशी. खाली बसायला वेळ नाही, मागे सरकायला जागा नाही." तो मुलगा २००० नंतर जन्मलेला असावा. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला, "आणखी सांगा."

बाबांनी मग त्याला १९८३-८४ चा आख्खा दौरा सांगितला. कानपूरला मार्शलच्या चेंडूने गावस्करांच्या हातातली बॅट उडाली. दिल्लीत गावस्करांनी ९४ चेंडूंत शतक ठोकून ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. चेन्नईला ते चौथ्या क्रमांकावर उतरले, तोवर मार्शलने गायकवाड आणि वेंगसरकर दोघांनाही शून्यावर घालवलं होतं. धावफलकावर शून्य, आणि तिथून नाबाद २३६. सहा कसोटींत मार्शलचे ३३ बळी. आपण त्या खेळ्यांचं कौतुक करतो आणि करायलाच हवं. पण बावीस यार्डांपलीकडून येणारा माणूस कोण होता, तो तसा कसा झाला, हे आपण फारसं विचारलंच नाही. मला ही उणीव खरोखर टोचते.

रविवार

पहाटे साडेपाचला ब्राउन्स बीच. म्हातारी मंडळी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून गप्पा मारतात, तासन्‌तास. आपल्याकडे कट्टा असतो तसा हा समुद्रातला कट्टा. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मीठपाण्याने गुडघ्याला बरं वाटतं, असं तिथल्या एका आजींनी त्यांना बजावलं होतं.

ओल्या वाळूवर पोरं टेनिस बॉलने खेळत होती. लाट ओसरली की वाळू फरशीसारखी घट्ट होते आणि चेंडू उसळायच्या ऐवजी सुळकन घसरत येतो. एक दहाबारा वर्षांचा बुटका मुलगा लाटेची वाट बघायचा आणि नेमका ओल्या पट्ट्यावर टप्पा टाकायचा. मी नुसतीच बघत होते. बाबा म्हणाले, "बघ, स्किड होणं म्हणजे हे."

(किनाऱ्यावर मँचिनील नावाची झाडं असतात, बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो. त्यांच्याखाली पावसात उभं राहू नका आणि हिरवी फळं तोंडात घालू नका, चीक जहाल असतो.)

दुपारी सेंट बार्थोलोम्यू चर्चला निघालो. तिथे मार्शलला पुरलं आहे. रविवारी बस कमी असतात हे माहीत असूनही मी टॅक्सी आधी सांगितली नाही, ती माझी चूक. तासभर थांब्यावर उभे. पोहोचलो तेव्हा प्रार्थना कधीच आटोपली होती, आवारात चिटपाखरू नाही, आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. थडग्यांच्या रांगांतून नावं वाचत फिरताना बाबांचा पाय गवतावरून सरकला. पडले नाहीत, पण गुडघा लचकला. पोर्चमध्ये बसून पाऊस थांबायची वाट पाहिली आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर दोघेही गप्प होतो. रात्री घरमालकीणबाईंनी बर्फाची पिशवी दिली आणि मॉबी पाजली. झाडाच्या सालीचं थंडगार सरबत, पहिल्या घोटाला गोड आणि मग काडेचिराइतासारखं कडू.

सोमवार

बाबांना आराम हवा होता, म्हणून टॅक्सीनेच फिरलो. ब्रिजटाउनचा मध्यभाग भरभर पाहिला, ब्रॉड स्ट्रीट, चेंबरलेन पूल, पार्लमेंटची दगडी इमारत. दोन तासांत होतं.

मग वाइल्डी. इथे बँक्स या बिअर कंपनीची जुनी ब्रुअरी होती. मार्शल तिच्या संघातून खेळायचा आणि स्टोअररूममध्ये काम करायचा. वडील पोलिसात होते, तेही क्लब क्रिकेट खेळायचे. मार्शल एक वर्षाचा असताना ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. पोराच्या हातात चेंडू दिला तो आजोबांनी. १९७८ मध्ये तो बार्बाडोसकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला, जमैकाविरुद्ध, आणि एका डावात ७७ धावांत ६ बळी घेतले. ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकरच्या खासगी मालिकेमुळे मोठे खेळाडू संघाबाहेर होते. निवड समितीने तेवढ्या एका सामन्यावर त्याला दौऱ्यासाठी उचललं. ती बातमी त्याने स्टोअररूममधल्या रेडिओवर ऐकली. दौरा होता भारताचा, आणि भारत नेमका कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. वीस वर्षांचा पोरगा. त्या डिसेंबरात बंगळूरला त्याने पहिली कसोटी खेळली. वेंगसरकरांशी त्याची जी खुन्नस पुढे कायम राहिली, तिची सुरुवात तिथल्याच अपिलांवरून झाली.

वाइल्डीलाच सर गारफिल्ड सोबर्स जिम्नॅशियम आहे. १९९९ च्या नोव्हेंबरात मार्शलची अंत्ययात्रा इथून निघाली. आतड्याचा कॅन्सर, वय ४१. शेवटी वजन पंचवीस किलोच्या आसपास राहिलं होतं. धर्मोपदेशक झालेल्या वेस हॉल यांनी प्रार्थना म्हटली. एका फास्ट बोलरला दुसऱ्या फास्ट बोलरने निरोप दिला. स्टोअररूम आणि ही जागा एकाच वस्तीत. मधल्या एकवीस वर्षांत ८१ कसोटी, ३७६ बळी, सरासरी २०.९४.

टॅक्सीवाल्यानेच आम्हाला दुपारी एका रमशॉपमध्ये नेलं. लाकडी खोकं, हिरवा रंग, बाहेर डोमिनोच्या सोंगट्या आपटण्याचा आवाज. बाबांनी मोसंबीचं सरबत घेतलं, मी सॉल्टब्रेडमधलं फिशकटर, म्हणजे आपला वडापाव माशाचा असता तर जसा लागला असता तसं. तिथे एक गृहस्थ भेटले, सत्तरीचे, सत्तरच्या दशकात बँक्सच्या संघाविरुद्ध क्लब सामने खेळलेले. बाबांनी विचारलं, "दोन्हीकडे स्विंग करायचा, पण हातावरून ओळखता कसं यायचं नाही?"

त्यांनी काउंटरवरून एक लिंबू मागून घेतलं. खिशातल्या बॉलपेनने त्याच्याभोवती गोल रेघ ओढली. ही सीम, म्हणजे चेंडूची शिवण. पहिली दोन बोटं रेघेच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ चिकटवून. अंगठा खाली, त्याची कड रेघेवर. "आउटस्विंगर देवाने दिला होता," ते म्हणाले. "इनस्विंगर त्याने कमावला. आणि हे तिसरं." त्यांनी मधलं बोट रेघेवर दाबलं आणि मनगट न वळवता ते बोट लिंबाच्या कडेवरून खाली ओढलं. लिंबू टेबलावर पडून, समोरून बघताना, डावीकडून उजवीकडे वळलं. लेगकटर, म्हणजे टप्पा पडल्यावर लेगकडून ऑफकडे वळणारा वेगवान चेंडू. हा चेंडू मार्शल डेनिस लिलीकडून शिकला. ऑस्ट्रेलियन प्रतिस्पर्ध्याला जाऊन विचारायला त्याला कमीपणा वाटला नाही. १९८८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या मंद, कोरड्या खेळपट्टीवर त्याने वेग कमी केला, चेंडू कापले आणि २२ धावांत ७ बळी घेतले. इंग्लंड सर्वबाद ९३.

मग इंग्लंडमधल्या हेडिंग्लेच्या कसोटीचा विषय निघणारच होता. १९८४. क्षेत्ररक्षण करताना डाव्या हाताचा अंगठा दोन ठिकाणी मोडला. लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून तो अकराव्या क्रमांकावर उतरला आणि एका हाताने बॅटिंग केली. नंतर हाताला प्लास्टर घालून ५३ धावांत ७ बळी. इंग्लंडच्या फाउलरचा परतीचा झेल उरलेल्या एका हाताने घेतला. ही गोष्ट दोघांनाही तोंडपाठ होती, तरी दोघांनी ती एकमेकांना पूर्ण सांगितली.

ते लिंबू बाबांनी मागून घेतलं. संध्याकाळभर त्यांच्या बोटांचा तोच चाळा चालू होता.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मार्शल गेला तो हाच दिवस. तारीख ठरवूनच आम्ही शेवटचा दिवस हा ठेवला होता. विमान संध्याकाळचं. सेंट बार्थोलोम्यू विमानतळापासून अगदी जवळ आहे, त्यामुळे सामान टॅक्सीत टाकूनच निघालो. तुम्हालाही जायचं असेल तर असंच करा, वेगळी फेरी वाचते. आणि सकाळी जा, आवारात कुणीतरी भेटतं.

आम्हाला भेटल्या त्या फुलं बदलायला आलेल्या एक बाई. त्यांनी बाबांचा लंगडता पाय पाहिला, हात धरला आणि थेट नेऊन उभं केलं. रविवारी आम्ही तिथून काही पावलांवरून परतलो होतो. समुद्राकडून वारा येत होता, उसाच्या शेतांवरून, गरम आणि ओलसर. वरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागत होतं.

बाबांनी चपला काढल्या. तिथे तशी पद्धत नाही, पण बाईंनी काही म्हटलं नाही. बाबा नमस्कार करून उभे राहिले. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, गेले चार दिवस बोलतच होते. ते बोलले नाहीत. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता आणि कापडातून बोटांची हालचाल दिसत होती, मधलं बोट खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "मुंबईत एकदा पाहिलं होतं. पाच दिवस."

बाईंनी पिशवीतून केळीच्या पानाची दोन पुडकी काढली. कॉन्की. ३० नोव्हेंबर हा इथला स्वातंत्र्यदिन, त्या महिन्यात घरोघरी करतात. मक्याचं पीठ, ओलं खोबरं, भोपळा, रताळं, गूळसाखर आणि मसाला, पानात बांधून वाफवलेलं. अजून कोमट होत्या. आम्ही तिघं आवाराच्या कठड्यावर बसलो. बाबांनी पान उलगडलं, वाफेचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पातोळी," ते म्हणाले. "फक्त हळदीचं पान नाही."